हौस आणि सोय

दिवाळीचे कपडे घ्यायला निघालेल्या कोणत्याही मराठी कुटुंबात दुकानाच्या पायरीवरच दोन पक्ष पडतात. एक पक्ष सोयीचा. त्याचे म्हणणे असे, की कपडा धुण्याला टिकावा, अंगाला सुटसुटीत व्हावा आणि दिवाळी संपल्यावर एखाद्या साध्या बुधवारीही घालता यावा. दुसरा पक्ष हौसेचा. त्याला बुधवाराशी काही कर्तव्य नसते. वर्षातून एकदा तरी माणसाने आपण रोज दिसतो त्याहून वेगळे दिसून पाहावे, एवढीच त्याची मागणी असते. पहिल्या पक्षात बहुधा वडीलधारी माणसे असतात आणि दुसऱ्यात मुले. पण ही वाटणी फारशी भरवशाची नव्हे. सोयीच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या कितीतरी बायकांच्या कपाटात अगदी तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले, एकदाच नेसलेले असे एखादे लुगडे असते. आणि ते देऊन टाकावे असे त्यांना जन्मात कधी वाटत नाही.

वाद घरगुती आहे म्हणून तो क्षुल्लक आहे असे मला वाटत नाही. माणसाने केलेल्या सगळ्या वस्तूंत कपडा हीच अशी एक वस्तू आहे, की जी दिवसभर त्याच्या अंगाला लागून असते. तिच्यात कल्पनेला किती मोकळीक द्यावी आणि देहाचे किती ऐकावे, हा प्रश्न शेवटी नीतीचा होतो. हा वाद सर्वांत उघडपणे आणि सर्वांत खर्चीकपणे जेथे खेळला गेला ते शहर म्हणजे पॅरिस. म्हणून मी वाचकांना थोडा वेळ तिकडे नेणार आहे. पॅरिस मी पाहिलेले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नोकरी शाळेतली, आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात जातो. पण कपड्याची नीती कळायला अंगात कपडा असला म्हणजे पुष्कळ झाले.

१८५८ साली चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने पॅरिसमध्ये आपली पेढी उघडली. तेथील बड्या शिवणघरांची परंपरा त्याच्यापासून सुरू झाली असे मानतात. या शिवणघरांत गिऱ्हाईक बाई स्वतः येई. तिची मापे घेतली जात. कच्चे टाके घालून कपडा तिच्या अंगावर पुनःपुन्हा बसवून पाहिला जाई. तो कपडा कितीही विक्षिप्त असो, कोणा एका बाईला विचारून तो झालेला असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तयार कपड्यांचे युग आले. अमेरिकेतल्या ‘रेडी टु वेअर’ या शब्दाचे फ्रेंचांनी जसेच्या तसे भाषांतर केले, ते ‘प्रेतापोर्ते’. सणासुदीला अभद्र बोलू नये. पण या नावाच्या आरंभी मराठी कानाला जे ऐकू येते ते अगदीच अस्थानी नाही. तयार कपडा शिवला जातो तेव्हा त्यात कोणाचाच देह नसतो. खुंटीला टांगलेला तो झगा कोणाची तरी वाट पाहत असतो, आणि ती कोण, उंच की ठेंगणी, लेकुरवाळी की सडी, हे शिवणाऱ्याला ठाऊक नसते. तिची त्याला कल्पना करावी लागते.

या वादाची मेख मला येथेच सापडते. हौस म्हणजे कल्पना आणि सोय म्हणजे कल्पनेचा अभाव, असे आपण सहज धरून चालतो. वस्तुस्थिती उलट आहे. हौशी कारागीर स्वतःच्या मनातले चित्र कापडात उतरवतो. त्याला आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाची कल्पना करण्याची गरज नसते. पण ज्याला सोयीचा कपडा करायचा आहे, त्याला कधीही न पाहिलेल्या बाईचा सबंध दिवस डोळ्यांपुढे आणावा लागतो. ती जिना चढेल, बसच्या दांडीला हात घालील, वाकून मूल उचलील, किल्ल्या कोठे ठेवाव्या म्हणून थबकेल. इतके दिसेल तेव्हा कोठे त्याची कात्री बरोबर चालेल. सोय ही दुसऱ्याविषयीची कल्पना आहे, आणि म्हणून ती हौसेपेक्षा काकणभर अवघड आहे.

तिच्या अभावी काय होते ते मला शाळेत रोज दिसते. शिंप्याकडे कपडे शिवून घेण्याची रीत होती तोवर कपडा बिघडला म्हणजे दोष शिंप्याचा असे. ‘मेल्याने बाही आखूड केली’ असे म्हणून घरातल्या बायका मोकळ्या होत. क्वचित भांडण होई, उसवून पुन्हा शिवले जाई, आणि प्रकरण मिटे. आता नववीतली मुलगी दुकानातल्या पडद्याआड तयार कपडा घालून पाहते, तो तिला होत नाही, आणि ती बाहेर येऊन ‘हा कपडा चुकला’ असे म्हणत नाही. ‘मीच जाड आहे’ असे म्हणते. कधी नाहीही म्हणत. नुसता कपडा परत करते आणि त्या दिवशी डबा उघडत नाही. शिंप्यावरचा दोष कोणाच्या लक्षात न येता तिच्या देहावर येऊन बसलेला असतो. तयार कपड्यांनी जगाची केवढी तरी सोय केली, हे मी नाकारीत नाही. पण हा एक दोषांतराचा व्यवहारही त्यांच्याबरोबर आला, आणि तो मोठ्या नावांच्या पेढ्यांपासून आठवड्याच्या बाजारापर्यंत सगळीकडे चालतो.

आता पॅरिसमधल्या दोन बायांची गोष्ट पाहू. पहिली गाब्रिएल शनेल, जन्म १८८३ चा. पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरले जाणारे जर्सीचे मऊ कापड तिने बायकांच्या उंची पोशाखांसाठी घेतले, तेव्हाच तिचा पक्ष ठरून गेला. दुसरी एल्सा स्कियापारेल्ली, रोममध्ये १८९० साली जन्मलेली. ती हौसेची राणी. साल्वादोर दाली या चित्रकाराच्या संगतीने तिने १९३७ साली पांढऱ्या झग्यावर एक भलाथोरला लालभडक शेवंड काढविला, आणि बुटाच्या आकाराची टोपी केली. टाच वर, चवडा कपाळावर. दोघींचे एकमेकींशी पटत नसे, हे वेगळे सांगायला नकोच.

योगायोग असा, की १९५४ च्या फेब्रुवारीत सत्तरीतल्या शनेलने युद्धाच्या आरंभी बंद केलेली आपली पेढी पुन्हा उघडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्कियापारेल्लीने आपली पेढी मिटली. पुनरागमनानंतर शनेलचे जे जाकीट जगभर गाजले, ते आतून उलटून पाहण्यासारखे आहे. कापड नीट लोंबावे, उसळू नये, म्हणून त्याच्या खालच्या काठाला आतून पितळी साखळी टाचलेली असते. अस्तर रेशमी, आणि ते वरच्या कापडाला ओळीओळीने शिवून एकजीव केलेले. खाकेचा घेर लहान आणि वर चढवलेला. त्यामुळे हात उचलला तर हातच वर जातो, सबंध जाकीट त्याच्यामागून ओढले जात नाही. खिसे खरे, आणि ज्या गुंड्या लावता येत नाहीत अशा गुंड्या नाहीत. ती कागदावर चित्रे काढीत बसत नसे. जिवंत मुलीच्या अंगावर कापड ठेवून, तोंडात टाचण्या धरून काम करी. बायकांच्या कपड्याला खरा खिसा असावा, ही गोष्ट पुरुष वाचकांना लहान वाटेल. पण खिसा नसलेल्या माणसाचा एक हात कायम गुंतलेला असतो. ज्याने बाईला खिसा दिला, त्याने तिला एक हात परत दिला.

येथवर सोयीचा जय झाला असे वाटेल. पण मला प्रामाणिकपणे दुसरीही बाजू मांडली पाहिजे. हीच शनेल, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४१ साली ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन आपल्या ज्यू भागीदारांकडून अत्तराचा धंदा काढून घ्यायला निघाली होती. तो डाव फसला, कारण भागीदारांनी आधीच तजवीज करून ठेवली होती. ज्या बाईला परक्या बाईच्या खाकेखालची ओढ जाणवत होती, तिला ओळखीच्या माणसाच्या मानेवरची सुरी जाणवली नाही. म्हणजे देहाची कल्पना करता आली की माणसाची कल्पना करता आलीच, असा हिशेब मांडता येत नाही. चांगले जाकीट चांगल्या माणसाच्या हातूनच होते, असे म्हणण्याची सोय निदान मला उरलेली नाही. जाकीट चांगले आहे, एवढेच म्हणता येते. आणि तेवढे म्हटलेच पाहिजे.

हौसेचीही बाजू अशीच दुपेडी आहे. आजची सोय ही पुष्कळदा कालची हौस असते. ईव्ह सँ लोराँ या तरुणाने १९६६ साली पुरुषांचा रात्रीच्या मेजवानीचा काळा पोशाख बायकांसाठी केला. त्याच्या उंची शिवणघरातल्या श्रीमंत गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने सेन नदीच्या डाव्या तीरावर, तुर्नाँ रस्त्यावर, तयार कपड्यांचे ‘रिव्ह गोश’ नावाचे दुकान उघडले, आणि तेथे येणाऱ्या तरुण मुलींनी तोच पोशाख उचलून धरला. ज्यांना तो परवडत होता त्यांना तो नाटकी वाटला. ज्यांना रात्री दोन पायांवर चालत घरी जायचे होते त्यांना तो कामाचा वाटला. बाईने विजार घालणे ही एके काळी केवळ कल्पना होती. कोणीतरी हौस केली नसती तर ती सोय कधी झालीच नसती. स्कियापारेल्लीची पेढीही कायमची मेली नाही; आज ती पुन्हा उघडी आहे आणि तिची विक्षिप्त वस्त्रे पुन्हा चर्चेत आहेत. तेव्हा या सामन्यात कोणी हरले असे समजू नये.

मोठ्या पेढ्यांनी पुढे यावर एक चतुर तोडगा काढला. शनेल वारल्यावर काही वर्षांनी, १९८३ साली, तिची पेढी कार्ल लागरफेल्ड याच्या हाती आली आणि २०१९ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत त्याच्याकडेच राहिली. त्याने पॅरिसच्या ग्राँ पाले या काचेच्या भव्य मंडपात तयार कपड्यांची प्रदर्शने मांडली. २०१४ साली तेथे त्याने सबंध किराणा बाजार उभा केला. फळ्यांवर मांडलेल्या डब्या-बाटल्यांवर पेढीचे नाव. २०१७ साली धूर ओकत वर उचलला जाणारा अग्निबाण, तर पुढच्याच वर्षी खरी वाळू आणि लाटा आणून समुद्रकिनारा. मुली चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेने चालत गेल्या. लागरफेल्डनंतरही ही रीत मोडली नाही. २०२५ साली माथ्यू ब्लाझी या नव्या प्रमुखाने त्याच मंडपात ग्रहगोल टांगले. बाण, लाटा आणि ग्रह यांच्यामधून चालत येणाऱ्या मुलींच्या अंगावर मात्र पुष्कळदा तेच खिशांचे जाकीट, जे घालून सरळ बँकेत जाता यावे. हौस मंडपात, सोय अंगावर.

आपल्याकडे ही विभागणी नवी नाही. मखर कसेही करावे. मूर्तीपुढे नैवेद्याचे ताट ठेवायला जागा असली म्हणजे झाले. २०२३ सालच्या ३० मार्चला ‘दिओर’ या दुसऱ्या फ्रेंच पेढीने आपला तयार कपड्यांचा संग्रह मुंबईत, गेटवे ऑफ इंडियाच्या पुढ्यात दाखवला, तेव्हा त्या कमानीसमोर एक प्रचंड भरतकाम केलेले तोरण उभारले होते. ते मुंबईतल्याच चाणक्य या भरतकामाच्या पेढीतल्या हातांनी केलेले. मला त्या सगळ्या प्रदर्शनात ते तोरण फार शहाणपणाचे वाटले. तोरण कोणाला अंगावर वागवायचे नसते. त्यात बसायचे नसते, धावायचे नसते, मूल उचलायचे नसते. तेथे हौसेने वाटेल तेवढे उधळावे; तिचा भार कोणाच्या खांद्यावर येत नाही.

पण या तोडग्यातही एक पैशाची गोम आहे. अशा पेढ्यांचा फार मोठा व्यवहार कपड्यांवर नव्हे, तर अत्तरे, लाली आणि चामड्याच्या पिशव्या यांच्यावर चालतो. ते जाकीट माझ्यासारख्या शिक्षिकेच्या कित्येक महिन्यांच्या पगाराला पुरून उरेल. पण मंडपातला ग्रहगोल पाहून आलेली बाई निदान एक कुपी घेऊन जाते. यात फसवणूक आहे का? तोरण पाहून आत आलेल्या पाहुण्याला तुम्ही साधा लाडू दिला, तर ती फसवणूक होत नाही. पण ‘तुमच्यात काहीतरी कमी आहे, ते ही कुपी भरून काढील’ असे जर ते तोरणच गुपचूप सांगत असेल, तर मग ते तोरण राहिले नाही. हौस विकावी; लाज विकू नये. रेषा मी येथे ओढते.

एवढ्यावर थांबले असते, तर माझे मत सोयीच्या बाजूला झुकलेले राहिले असते. पण एका जपानी बाईने माझी ही सुटसुटीत मांडणी विस्कटून टाकली. रेई कावाकुबो हे तिचे नाव. १९६९ साली तिने टोकियोत ‘कोम दे गार्सों’ या नावाने कपडे करायला सुरुवात केली आणि १९८१ पासून ती ते पॅरिसमध्ये मांडू लागली. तिने १९९७ च्या उन्हाळ्यासाठी केलेला संग्रह प्रसिद्ध, किंवा कुप्रसिद्ध, आहे. चौकड्याच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचे साधे झगे, आणि त्यांच्या आत पिसांनी भरलेल्या उशा. कोठे पाठीवर कुबडासारख्या, कोठे एकाच कमरेवर, कोठे खांद्याच्या मागे. शिवणघराने हे कपडे अंगात घालण्यासाठी म्हणून बाजारात आणले होते, हे ध्यानात घ्यावे. पुष्कळ लोक संतापले. काही नियतकालिकांनी उशा काढून टाकून छायाचित्रे छापली. ‘हे घालणार कोण?’ हा प्रश्न जो तो विचारू लागला.

त्याला उत्तर नर्तकांनी दिले. त्याच वर्षी मर्स कनिंगहॅम या अमेरिकन नृत्यकाराने न्यूयॉर्कमध्ये ‘सिनारिओ’ हे नृत्य सादर केले आणि त्यात त्याच्या नर्तकांनी कावाकुबोच्या या उशांच्या कल्पनेवरचेच पोशाख घातले. ज्या पोशाखाला लोक घालण्यायोग्य नाही म्हणत होते, तो घालून माणसे उड्या मारीत होती. आणि पाहणाऱ्याला काही वेळाने असे वाटू लागत असणार, की कुबड कोठे संपते आणि पाठ कोठे सुरू होते, हे ठरवणारे आपण कोण?

मी वर ज्या नववीतल्या मुलीचा उल्लेख केला, तिला शनेलच्या जाकिटाचा उपयोग व्हायचा असेल तर आधी ते तिला परवडले पाहिजे आणि मग ते तिच्या मापाचे निघाले पाहिजे. कावाकुबोच्या उशांचा उपयोग मात्र तिला तो झगा न घेताही होऊ शकतो. तो झगा तिला एवढेच सांगतो, की कमर येथेच असावी आणि खांदा असाच असावा, हा कोठल्या शास्त्रातला नियम नाही. ती एका काळाची सवय आहे. कधीही न घालता येणाऱ्या कपड्याने घालणारणीची लाज उतरवावी, हे मला फार मोठे वाटते. त्याच बाईच्या पेढीत डोळे असलेल्या लाल बदामाचे साधे सदरेही विकतात, आणि ते लोक आनंदाने रोज घालतात. तिला बुधवार समजत नव्हता असे नाही.

माझ्या धंद्यातही हाच प्रश्न मला रोज भेटतो. कादंबरी हा एक तयार कपडाच आहे. वाचक समोर नसतो; त्याचे माप कोणी घेतलेले नसते. काही कादंबऱ्या अशा, की त्यात शिरल्याबरोबर वाचकाला हातपाय पसरता येतात. काही अशा, की लेखकाने आपल्या शब्दांच्या उशा जागोजागी भरून ठेवलेल्या असतात आणि वाचक अवघडतो. पण त्या अवघडण्यातही दोन जाती आहेत. एकीत वाचकाला वाटते, ‘हे मला समजत नाही, मीच कमी शिकलेला.’ दुसरीत वाटते, ‘हे असेही असू शकते, हे मला ठाऊकच नव्हते.’ पहिल्या जातीचे पुस्तक कितीही विद्वत्तेचे असो, मी ते मिटून ठेवते. दुसऱ्या जातीच्या पुस्तकाशी मी रात्र रात्र झगडले आहे, आणि ते श्रम वाया गेले असे मला वाटलेले नाही.

तेव्हा कपडा घालता येतो की नाही, हा प्रश्न मला आता पुरेसा वाटत नाही. कपडा आणि माणूस यांचे जमत नाही तेव्हा काहीतरी बदलावे लागते. कोणी बदलायचे, हा खरा प्रश्न आहे. चांगल्या सोयीचा कपडा स्वतः बदलतो. खाक सैल करतो, खिसा शिवतो, आणि अंगाला आहे तसे राहू देतो. चांगल्या हौसेचा कपडा पाहणाऱ्याची नजर बदलायला लावतो, आणि अंगाला तोही आहे तसेच राहू देतो. या दोघांचे भांडण हे सख्ख्या भावंडांचे भांडण आहे. त्यांचा दोघांचाही वैरी तिसराच आहे: जो ना स्वतः बदलतो, ना नजर बदलतो, तर घालणारणीला म्हणतो, ‘तू बदल.’ तो कधी रत्नजडित झग्याच्या रूपाने येतो, कधी अगदी साध्यासुध्या विजारीच्या. त्याला किमतीवरून ओळखता येत नाही, आणि नावावरून तर मुळीच नाही. पडद्याआडून बाहेर येणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले म्हणजे तो ओळखू येतो. तो ओळखून कपडा परत करावा, मुलीला नव्हे.